धर्माज्ञा आणि न्यायासन : रॉजर विल्यम्स ह्यांचें चरित्र

राजाच्या हातीं दंड असतो आणि धर्मोपदेशकाच्या हातीं शब्द असतो. ह्या दोन्ही सत्ता एकाच हातीं आल्या म्हणजे राज्य अधिक पवित्र होतें, अशी समजूत पुष्कळ देशांत पुष्कळ काळ चालत आलेली आहे. आणि ती समजूत बाळगणारे लोक दुष्टच असतात असेंही नाहीं. आपला धर्मग्रंथ ईश्वरदत्त आहे अशी ज्याची श्रद्धा, त्यास त्या ग्रंथांतील आज्ञा न्यायकचेरींतून अमलांत याव्या असें वाटणें स्वाभाविक आहे. म्हणून ह्या प्रश्नाचा विचार करितांना धर्मावर मुळींच विश्वास नसलेल्या पंडिताची साक्ष काढण्यांत फारसें हंशील नाहीं. साक्ष काढावयाची तर ज्यानें धर्मग्रंथ जन्मभर उराशीं धरिला, आणि त्याच ग्रंथाच्या आधारें ईश्वरविषयक आज्ञा न्यायाधीशाच्या दंडानें पाळविल्या जाऊं नयेत असें सांगितलें, अशा पुरुषाची काढिली पाहिजे. असे एक सत्पुरुष सतराव्या शतकांत इंग्लंडांत जन्मले व अमेरिकेंत वारले. त्यांचें नांव रॉजर विल्यम्स. त्यांचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

विल्यम्स ह्यांचा जन्म लंडन शहरीं १६०३ सालच्या सुमारास झाला. नेमकें वर्ष सांगतां येत नाहीं, कारण १६६६ च्या प्रचंड आगींत जन्मनोंदींचें दप्तर जळून गेलें. त्यांचे वडील कापड व शिवणकाम ह्या धंद्यांतील व्यापारी असून त्यांचें घर स्मिथफील्डच्या आसपास होतें. स्मिथफील्ड ही गुरांच्या बाजाराची जागा. परंतु पाखंडी ठरविलेल्या माणसांस जिवंत जाळण्याची जागाही तीच. १६१२ सालीं बार्थोलोम्यू लेगेट नांवाच्या कापडाच्या व्यापाऱ्यास, ख्रिस्ताच्या ईश्वरत्वाविषयीं त्याचें मत निराळें होतें एवढ्यासाठीं, तेथें जाळण्यांत आलें. त्या वेळीं विल्यम्स नऊ-दहा वर्षांचे होते. घराजवळ घडलेल्या ह्या गोष्टीचा त्यांच्या बालमनावर काय परिणाम झाला असेल, ह्याची कल्पना वाचकांनींच करावी.

पुढें लघुलेखनाच्या कलेनें त्यांचें दैव उघडलें. सर एडवर्ड कोक हे त्या काळचे इंग्लंडांतील सर्वांत मोठे कायदेपंडित. राजाही कायद्याच्या वर नाहीं हें पहिल्या जेम्स राजास तोंडावर सांगण्याचें धैर्य त्यांनीं दाखविलें होतें. १६१६ सालीं त्यांचें सरन्यायाधीशपद गेलें आणि पुढें कांहीं महिने त्यांस लंडनच्या किल्ल्यांत कैदही भोगावी लागली. स्टार चेंबर नांवाच्या न्यायसभेंतील भाषणें हा मुलगा चटचट टिपून घेतो हें पाहून कोक त्याच्यावर प्रसन्न झाले, व १६२१ सालीं त्यांनीं त्यास चार्टरहाउसच्या शाळेंत घातलें. तेथून विल्यम्स केंब्रिज येथील पेंब्रोक कॉलेजांत गेले आणि १६२७ सालीं पदवीधर झाले. राजसत्तेस कायद्याची मर्यादा असते हा धडा ते कोक ह्यांच्याकडून शिकले. खुद्द कायद्यास मर्यादा कोठें पडते हें मात्र त्यांस पुढें स्वतःच शोधून काढावें लागलें.

शिक्षण पुरें झाल्यावर त्यांनीं धर्मोपदेशकाचा पेशा पत्करिला, व १६२९ च्या डिसेंबरांत मेरी बर्नार्ड ह्या स्त्रीशीं विवाह केला. त्या काळीं इंग्लंडांत राजा हाच धर्मसंस्थेचा मुख्य असून बिशप विल्यम लॉड ह्यांच्या अमलाखालीं प्युरिटन पंथाच्या लोकांचा छळ चालला होता. ह्या छळास कंटाळून हजारों कुटुंबें अटलांटिक महासागर ओलांडून मॅसॅच्युसेट्स येथें वसाहतीस जाऊं लागलीं. विल्यम्स पतिपत्नीही १६३० च्या डिसेंबरांत ब्रिस्टल बंदरांतून निघालीं व १६३१ च्या फेब्रुवारींत बोस्टनजवळ उतरलीं. ज्या वर्षाच्या आरंभीं इकडे शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला, त्याच वर्षाच्या अखेरीस हें जहाज निघालें, असें सांगितलें म्हणजे वाचकांस काळाचा अंदाज येईल.

बोस्टनच्या मंडळीनें ह्या विद्वान् तरुणास उपदेशकाची मोठ्या मानाची जागा देऊं केली. विल्यम्स ह्यांनीं ती नाकारिली. त्यांनीं दोन कारणें दिलीं. एक, बोस्टनच्या मंडळीनें इंग्लंडच्या सरकारी धर्मसंस्थेशीं संबंध तोडल्याचें उघड जाहीर केलें नव्हतें. दुसरें कारण अधिक खोल होतें. बायबलाच्या जुन्या करारांत मोशेस दोन दगडी पाट्यांवर दहा आज्ञा मिळाल्याची कथा आहे. पहिल्या पाटीवरील आज्ञा मनुष्य व ईश्वर ह्यांच्या संबंधांच्या : अन्य देव मानूं नये, मूर्तिपूजा करूं नये, ईश्वराचें नांव व्यर्थ घेऊं नये, शब्बाथ दिवस पाळावा. दुसऱ्या पाटीवरील आज्ञा मनुष्यामनुष्यांतील संबंधांच्या : आईबापांस मान द्यावा, खून करूं नये, व्यभिचार करूं नये, चोरी करूं नये, खोटी साक्ष देऊं नये, दुसऱ्याच्या वस्तूचा लोभ धरूं नये. विल्यम्स ह्यांचें म्हणणें असें कीं, दुसऱ्या पाटीचा जेवढा भाग समाजाच्या शांततेशीं निगडित आहे तेवढ्यापुरताच न्यायाधीशाचा अधिकार. पहिली पाटी ही मनुष्य आणि त्याचा ईश्वर ह्यांच्यामधली गोष्ट आहे, तेथें शिपायाचें काम नाहीं.

हें मत मॅसॅच्युसेट्सच्या पुढाऱ्यांस किती घातक वाटलें असेल, हें कळण्यास त्या वसाहतीची घटना थोडी पाहिली पाहिजे. १६३१ च्या नियमानें तेथें मताचा अधिकार केवळ मंडळीच्या सभासदांस होता. जनरल कोर्ट नांवाची एकच सभा कायदेही करी आणि न्यायनिवाडाही करी. १६३६ सालीं ह्या सभेनें जॉन कॉटन ह्या नामांकित उपदेशकांस कायद्यांचा मसुदा करण्यास सांगितलें, तेव्हां त्यांनीं मोशेच्या न्यायनियमांवर आधारलेला मसुदा सादर केला. तो जशाचा तसा मंजूर झाला नाहीं. परंतु १६४१ सालीं नथॅनियल वॉर्ड ह्यांनीं रचलेली जी संहिता मंजूर झाली, तींत देहांताच्या बारा गुन्ह्यांची यादी असून बहुतेक कलमांपुढें बायबलांतील वचनांचा आधार दिलेला होता. मूर्तिपूजा, चेटूक, ईश्वरनिंदा व व्यभिचार हे गुन्हे त्या यादींत होते. आणि १६४४ सालीं व्यभिचाराबद्दल एका स्त्रीस व एका पुरुषास खरोखरच फाशीं देण्यांत आलें.

येथें दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच संहितेंत, कोणासही चाळिसांपेक्षां अधिक फटके मारूं नयेत, व दोन-तीन साक्षीदारांवांचून अगर तितक्याच भक्कम पुराव्यावांचून कोणाचाही प्राण घेऊं नये, असे नियम होते; आणि तेही मोशेच्या शास्त्रांतूनच आले होते. अधिकाऱ्याच्या लहरीस लेखी कायद्याचा लगाम असावा ही गोष्ट त्या लोकांस धर्मग्रंथानेंच शिकविली. तेव्हां बायबलांतील कायद्यानें न्यायपद्धतीचें अहितच केलें, असें कोणी म्हणेल तर तें आम्हांस मान्य नाहीं. दोष होता तो निराळा : लगामाचें काम करणाऱ्या शास्त्राच्या हातींच त्यांनीं चाबूक दिला, आणि मनुष्याच्या कृत्यांबरोबर त्याचा विश्वासही आरोपीच्या पिंजऱ्यांत उभा केला.

विल्यम्स कांहीं काळ प्लिमथ येथें व नंतर सेलम येथें उपदेशक होते. त्यांची मतें कमी न होतां वाढतच गेलीं. इंग्लंडच्या राजास अमेरिकेंतील जमीन बक्षीस देण्याचा अधिकारच नाहीं, ती तेथील मूळ रहिवाशांची आहे व त्यांच्याकडूनच घेतली पाहिजे, असें त्यांनीं प्रतिपादिलें. १६३४ सालीं वसाहतींतील रहिवाशांकडून ईश्वराच्या नांवानें राजनिष्ठेची शपथ घेण्याचा ठराव झाला, तेव्हां शपथ ही ईश्वराची उपासनाच आहे, ज्याची श्रद्धा नाहीं त्याच्याकडून ती बळानें करविणें म्हणजे त्याला पाप करावयास लावणें होय, असें त्यांनीं सांगितलें. सेलमच्या मंडळीनें त्यांस सोडावें म्हणून जनरल कोर्टानें त्या गांवाचा जमिनीचा अर्ज अडवून धरिला. गांवाच्या हिताची व उपदेशकाच्या निष्ठेची अशी सांगड घातली गेल्यावर हळूहळू सेलमचे लोकही मागें सरले. ९ ऑक्टोबर १६३५ रोजीं जनरल कोर्टानें विल्यम्स ह्यांस वसाहतीबाहेर घालविण्याची शिक्षा सांगितली.

ते आजारी असल्यामुळें, मतप्रसार न करण्याच्या अटीवर, त्यांस वसंत ऋतूपर्यंत सवलत देण्यांत आली. परंतु घरीं येणाऱ्या माणसांशीं ते बोलत राहिले. तेव्हां १६३६ च्या जानेवारींत त्यांस पकडून जहाजानें इंग्लंडास पाठविण्यासाठीं कॅप्टन जॉन अंडरहिल ह्यांची रवानगी झाली. ते पोहोंचले तों विल्यम्स घर सोडून तीन दिवस झाले होते. पत्नी व तान्ह्या मुलींस मागें ठेवून, ऐन बर्फाच्या दिवसांत, चौदा आठवडे ते रानावनांतून हिंडले. ज्यांस वसाहतवाले रानटी म्हणत त्या वाम्पानोग लोकांच्या मॅसासॉइट नांवाच्या नायकानें त्यांस आसरा दिला. ख्रिस्ती न्यायासनानें ज्यास हांकून दिलें त्यास ख्रिस्ताचें नांवही न जाणणाऱ्यानें घरांत घेतलें, ही गोष्ट विल्यम्स कधींच विसरले नाहींत; आणि सुसंस्कृत राज्य चालविण्यास अमुकच धर्म लागतो हें मत त्यांस पुढें कोणीही पटवूं शकलें नाहीं.

त्याच वर्षीं नॅरगॅन्सेट उपसागराच्या शिरोभागीं, कॅनॉनिकस व मायंटोनोमी ह्या नायकांच्या संमतीनें मिळालेल्या जमिनीवर, त्यांनीं प्रॉव्हिडन्स हें गांव वसविलें. ईश्वरानें संकटांत सांभाळिलें, म्हणून हें ईश्वरी कृपेचें नांव. मागाहून येऊन राहिलेल्या लोकांनीं जो करार केला, त्यांत बहुमतानें ठरेल तें आम्ही पाळूं असें लिहून त्यास मोजक्याच शब्दांची मर्यादा घातली : फक्त ऐहिक बाबतींत. जगाच्या राज्यघटनांच्या इतिहासांत हे शब्द फार मोलाचे आहेत. बहुमतासही मर्यादा असते, ही गोष्ट त्यांनीं कायद्याच्या कागदावर आणिली.

ह्या मर्यादेची परीक्षा लवकरच झाली. जोशुआ व्हेरिन नांवाच्या रहिवाशाची बायको विल्यम्स ह्यांच्या घरीं चालणाऱ्या उपासनेस वारंवार जाई. तें नवऱ्यास खपेना व त्यानें तिला अडविलें. १६३८ सालीं हें प्रकरण गांवाच्या सभेपुढें आलें. पत्नीनें पतीच्या आज्ञेंत राहावें ही ईश्वरी आज्ञाच आहे, ती मोडण्यास आम्ही कोणी धर्मस्वातंत्र्य दिलेलें नाहीं, असा आक्षेप एका सभासदानें घेतला. म्हणजे शास्त्राचें वचन येथेंही पुढें आलेंच. तरीही सभेनें असें ठरविलें कीं, पत्नीच्या सदसद्विवेकबुद्धीवर पतीचीही सत्ता नाहीं. आणि व्हेरिनचा मताचा अधिकार काढून घेतला. त्या बाईचें दुःख ह्या ठरावानें संपलें नाहीं, कारण नवरा तिला घेऊन सेलमला परत गेला. परंतु इ. स. १६३८ मध्यें एका लहानशा गांवानें घरांतल्या बाईचा विवेक हाही तिचा स्वतःचाच आहे असा निवाडा द्यावा, ही गोष्ट आमच्या वाचकांनीं विचारांत घेण्यासारखी आहे.

शेजारच्या वसाहती ह्या नव्या वस्तीचा घास घेण्यास टपल्या होत्या. म्हणून १६४३ सालीं विल्यम्स सनद मिळविण्यासाठीं इंग्लंडास गेले. बोस्टन बंदर त्यांस बंद असल्यामुळें डच लोकांच्या न्यू ॲम्स्टरडॅम येथून त्यांस जहाज धरावें लागलें. प्रवासांत त्यांनीं नॅरगॅन्सेट लोकांच्या भाषेवर एक पुस्तक लिहिलें, व तें त्याच वर्षीं लंडनांत छापून निघालें. १४ मार्च १६४४ रोजीं पार्लमेंटच्या मंडळाकडून सनद मिळाली. त्याच उन्हाळ्यांत धर्मच्छळाविरुद्धचा त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि ऑगस्ट महिन्यांत पार्लमेंटनें तो जाळून टाकण्याचा हुकूम सोडला. तोंवर विल्यम्स सनद घेऊन अमेरिकेच्या वाटेस लागले होते.

त्या ग्रंथांतील मुद्दे थोडक्यांत सांगतों. पहिला मुद्दा शास्त्रार्थाचा. मोशेचे कायदे ईश्वरानें इस्राएल ह्या एका निवडलेल्या राष्ट्रास दिले. ख्रिस्त आल्यावर तें राष्ट्र म्हणजे केवळ पुढील गोष्टींची छाया होती असें ठरलें, आणि आतां इंग्लंड काय किंवा मॅसॅच्युसेट्स काय, कोणतेंही राज्य ईश्वराचें निवडलेलें राज्य उरलें नाहीं. दुसरा मुद्दा मत्तयाच्या शुभवर्तमानांतील गव्हाच्या व निदणाच्या दृष्टांताचा. शेतांत गव्हाबरोबर निदण उगवलें तेव्हां धन्यानें तें उपटूं दिलें नाहीं, कापणीपर्यंत दोन्ही वाढूं द्या असें सांगितलें. आणि शेत म्हणजे जग, असा अर्थ ख्रिस्तानेंच लाविला. मग कापणीच्या आधीं विळा घेऊन धांवणारा न्यायाधीश कोणाच्या हुकमानें धांवतो? तिसरा मुद्दा अनुभवाचा. सोळाव्या शतकांत इंग्लंडच्या गादीवर आठवा हेन्री, सहावा एडवर्ड, मेरी व एलिझाबेथ बसलीं, आणि गादीबरोबर देशाचा धर्मही पुनः पुनः पालटला. न्यायासनास धर्म ठरविण्याचा अधिकार दिला म्हणजे सत्य हें राजाच्या आयुष्यावर अवलंबून राहतें.

चौथा मुद्दा व्यापारी वाचकांस विशेष पटेल. धर्ममंडळी ही नगरांतील एखाद्या व्यापारी कंपनीसारखी आहे, असें विल्यम्स म्हणतात, आणि दाखला देतांना ते तुर्कस्तानांत व पूर्वेकडील हिंदी मुलखांत व्यापार करणाऱ्या कंपन्यांचें नांव घेतात. म्हणजे त्या वेळीं सुरतेस वखार घालून बसलेली जी कंपनी, तिचें. कंपनीचे सभासद आपसांत भांडतील, दावे लावतील, फुटून दोन कंपन्या करतील, किंवा कंपनी मोडूनही टाकतील. तरी नगराची शांतता भंगत नाहीं, कारण नगर कंपनीच्या आधीं होतें व नंतरही राहील. तसेंच मंडळीचें. मंडळीची बाग सुरक्षित राहावी म्हणून बाग व रान ह्यांच्यामध्यें कुंपण असावें, असेंही त्यांनीं त्याच वर्षीं दुसऱ्या एका पुस्तकांत लिहिलें. त्यांस भीति होती ती धर्म राज्यांत शिरून राज्य बिघडेल एवढीच नव्हे. राज्य धर्मांत शिरून धर्म नासेल, ही त्यांची मोठी भीति.

१६४७ च्या मे महिन्यांत पोर्ट्स्मथ येथें ऱ्होड आयलंडच्या चार गांवांच्या सभेनें आपली संहिता मंजूर केली. तींत खून, चोरी, फसवणूक इत्यादि गुन्हे इंग्लंडच्या कायद्यांचा आधार देऊन सांगितले, आणि शेवटीं, ह्याखेरीज इतर बाबतींत प्रत्येकानें आपापल्या विवेकाप्रमाणें आपल्या देवाच्या नांवानें चालावें, असें म्हटलें. ज्यांस शपथ घेणें पाप वाटे त्यांची गंभीरपणें केलेली प्रतिज्ञा न्यायसभेंत शपथेइतकीच ग्राह्य धरावी, असाही नियम केला. त्याच काळीं न्यू हेवन वसाहतीनें १६४४ सालीं, मोशेचे न्यायनियम हेच सर्व न्यायसभांस बंधनकारक, असें ठरविलें होतें, व तेथें ज्यूरीची पद्धतही ठेविली नव्हती. दोन्ही वसाहतींचे लोक एकच बायबल वाचीत होते. मग अंतर कोठें पडलें? ग्रंथाची पवित्रता दोघांसही मान्य. त्याचा अंमल करण्यास न्यायाधीश नेमलेला आहे काय, एवढ्याच प्रश्नाचीं उत्तरें भिन्न.

आतां एक शंका सुज्ञ वाचकांच्या मनांत येईल. ज्याच्या त्याच्या विवेकास मोकळीक दिल्यावर, कायदा पाळणें माझ्या विवेकास पटत नाहीं, असें म्हणावयास कोण चुकेल? ही अडचण विल्यम्स ह्यांस प्रत्यक्ष आली. १६५४ पासून १६५७ पर्यंत ते वसाहतीचे अध्यक्ष होते. तेव्हां कांहीं लोक धर्माच्या नांवावर शस्त्र धरण्याचें व सरकारी हुकूम मानण्याचें नाकारूं लागले. १६५५ सालीं प्रॉव्हिडन्सच्या लोकांस लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं जहाजाचा दृष्टांत दिला. एका जहाजावर कॅथलिक, प्रॉटेस्टंट, ज्यू व मुसलमान असे सर्व उतारू असले, तर कोणासही जहाजावरील प्रार्थनेस ओढून आणूं नये व कोणासही स्वतःच्या प्रार्थनेपासून अडवूं नये. परंतु जहाज कोणत्या दिशेनें न्यावयाचें हें कप्तानच ठरविणार. भाडें देणें, काम करणें, शांतता राखणें हें प्रत्येकास प्राप्तच आहे, आणि बंडावा करील त्यास शासन झालेंच पाहिजे. धर्मस्वातंत्र्य म्हणजे अराजक नव्हे, हें इतक्या सोप्या रीतीनें क्वचितच कोणी सांगितलें असेल.

इकडे बोस्टनच्या न्यायासनाचा मार्ग कोठें गेला तें पाहा. १६५१ सालीं ओबादाया होम्स ह्या बाप्तिस्तपंथी गृहस्थास तीस फटके मारण्यांत आले. १६५९ पासून १६६१ पर्यंत चार क्वेकरांस फाशीं देण्यांत आलें. त्यांत मेरी डायर ही ऱ्होड आयलंडांत राहिलेली स्त्री होती. १६५७ सालीं शेजारच्या वसाहतींनीं, तुम्हीही क्वेकरांस हांकून द्या, असें ऱ्होड आयलंडास लिहिलें. उत्तर गेलें तें असें कीं, केवळ बोलण्याबद्दल शिक्षा करण्याचा कायदा आमच्याजवळ नाहीं. शिवाय ज्या ठिकाणीं त्यांस मोकळेपणीं बोलूं देतात तेथें राहण्याची त्यांस फारशी हौस दिसत नाहीं.

खुद्द विल्यम्स ह्यांस क्वेकरांचीं मतें मुळींच आवडत नसत. १६७२ सालीं, वय सत्तरीच्या घरांत असतां, दिवसभर होडी वल्हवून ते न्यूपोर्टास गेले, आणि क्वेकरांशीं त्यांनीं तेथें तीन दिवस व प्रॉव्हिडन्सला एक दिवस वाद केला. पुढें त्यांच्यावर एक जळजळीत पुस्तकही लिहिलें. परंतु ज्यांच्या मतांविषयीं त्यांस इतका तिटकारा, त्यांच्यावर त्यांनीं कधीं खटला भरविला नाहीं. ज्यांचें म्हणणें आपणांस गोड लागतें त्यांस बोलूं देणें ह्यांत मोठेपणा कसला? सहिष्णुतेचा कस लागतो तो असल्या ठिकाणीं.

एवढ्यावरून विल्यम्स हे सर्वथा निर्दोष होते असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. १६३७ च्या पीक्वॉट युद्धांत, ज्या मॅसॅच्युसेट्सनें आपणांस हांकलिलें त्याच्यासाठीं जीव धोक्यांत घालून त्यांनीं नॅरगॅन्सेट लोकांस शत्रूस मिळूं दिलें नाहीं. परंतु त्या युद्धांतील एक पीक्वॉट मुलगा त्यांनीं आपल्या घरीं चाकरीस ठेवून घेतला. प्रॉव्हिडन्स व वॉरविक ह्या गांवांच्या सभेनें १६५२ सालीं जन्मभराच्या गुलामगिरीस बंदी केली, पण तो कायदा कागदावरच राहिला. १६७५-७६ च्या भयंकर युद्धांत नॅरगॅन्सेट लोकांनीं प्रॉव्हिडन्स जाळलें, त्यांत विल्यम्स ह्यांचें घरही गेलें. आणि युद्धानंतर कैदी लोकांस ठराविक मुदतीच्या दास्यांत विकण्याची व्यवस्था ज्या मंडळानें केली त्यांत ते स्वतः होते. ज्यांनीं त्यांस बर्फांत आसरा दिला त्यांच्याच लेंकरांची ही गति झाली. सत्पुरुषाचें चरित्र लिहितांना असल्या गोष्टी झांकून ठेवणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

८ जुलै १६६३ रोजीं दुसऱ्या चार्ल्स राजानें जॉन क्लार्क ह्यांच्या खटपटीवरून वसाहतीस नवी सनद दिली. सार्वजनिक शांतता न मोडणाऱ्या कोणाही माणसास धर्ममतांतील भेदाबद्दल त्रास, शिक्षा किंवा जाब होऊं नये, असें तींत स्पष्ट लिहिलेलें होतें. ती सनद १८४३ पर्यंत अमलांत राहिली. विल्यम्स १६८३ सालच्या आरंभीं प्रॉव्हिडन्स येथें वारले. त्यांच्या पश्चात् त्यांच्याच वसाहतीचा पाय घसरला : कॅथलिकांस व ख्रिस्तीतरांस पूर्ण नागरिकत्व न देणारें कलम तेथील कायद्यांत शिरलें, आणि १७६२ सालीं न्यूपोर्टच्या दोन ज्यू व्यापाऱ्यांचा नागरिकत्वाचा अर्ज न्यायालयानें फेटाळला. दुसऱ्याच वर्षीं त्याच गांवांत ज्यू लोकांचें सभागृह उघडलें गेलें. प्रार्थनेची मोकळीक आहे, पण नागरिकाचा हक्क नाहीं, अशी ती अर्धवट स्थिति होती.

पुढें अमेरिकेच्या राज्यघटनेंत, सरकारी अधिकारासाठीं धर्माची परीक्षा घेऊं नये असें कलम आलें, आणि १७९१ सालीं, काँग्रेसनें धर्माची स्थापना करणारा किंवा धर्माचरणास बंदी करणारा कायदा करूं नये, अशी दुरुस्ती झाली. मॅसॅच्युसेट्सनें धर्मसंस्थेस सरकारी आधार देण्याचें १८३३ सालीं सोडलें, आणि विल्यम्स ह्यांच्या हद्दपारीचा हुकूम १९३६ सालीं, म्हणजे तीनशें वर्षांनीं, परत घेतला. तरीही प्रश्न मिटला असें नाहीं. अलाबामा संस्थानचे सरन्यायाधीश रॉय मूर ह्यांनीं न्यायालयाच्या इमारतींत दहा आज्ञांची सुमारें अडीच टनांची शिला बसविली. ती काढण्याचा वरिष्ठ हुकूम न मानल्यामुळें २००३ सालीं त्यांस पदावरून दूर व्हावें लागलें. २००५ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें केंटकीच्या न्यायालयांत लाविलेल्या दहा आज्ञा घटनाबाह्य ठरविल्या, आणि त्याच दिवशीं टेक्सासच्या विधिमंडळाच्या आवारांतील दहा आज्ञांचा दगड मात्र राहूं दिला. दोन्ही निकाल पांच विरुद्ध चार अशा मतांनीं झाले. जी रेषा विल्यम्स ह्यांनीं दोन पाट्यांच्या मध्यें काढिली, ती नेमकी कोठून जाते ह्यावर आजही न्यायाधीशांत एकमत नाहीं.

रेषा काढणें कठीण आहे म्हणून ती नसावी, असें मात्र होत नाहीं. माप खोटें देणाऱ्यास शासन करणें हें सरकारचें कर्तव्य होय. परंतु माप खरें देणारा कोणत्या देवाची पूजा करितो, किंवा करितच नाहीं, हें विचारण्याचा अधिकार सरकारास नाहीं. ज्यांची संख्या आज अधिक आहे त्यांस वाटतें कीं, आपल्या शास्त्रास न्यायासनाचें बळ मिळालें तर शास्त्राचा मान वाढेल. पण बोस्टनच्या फाशीच्या झाडानें बायबलाचा मान वाढविला नाहीं. दंडाच्या भीतीनें केलेली पूजा ईश्वरास पोहोंचत नाहीं आणि राज्यासही कामीं येत नाहीं. तिनें तयार होतात ते ढोंगी लोक, आणि ढोंगी लोकांच्या शपथेवर कोणतें न्यायालय चालणार? ज्यास आपल्या धर्मग्रंथाविषयीं खरी आस्था असेल त्यानें तो ग्रंथ आपल्या आचरणांत आणावा, शेजाऱ्यास प्रेमानें समजावून सांगावा, आणि शिपायाच्या हातीं मात्र कदापि देऊं नये. रॉजर विल्यम्स ह्यांनीं हें सांगण्यासाठीं घर, गांव व अन्न सोडून चौदा आठवडे बर्फ तुडविलें. आपणांस तेवढें करावयाचें नाहीं. मत देतांना, पंच म्हणून बसतांना व शेजाऱ्याविषयीं बोलतांना ही मर्यादा सांभाळावयाची आहे, आणि ती प्रत्येक नागरिकाच्या हातांतली गोष्ट आहे.